सायफिनच्या दुकानातला जोर

खामसेनचा हात थरथरतो हे सायफिनच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते सकाळच्या जेवणात. चिकट भाताचा घास वळून तो मिरचीच्या ठेच्यात बुडवायला गेला आणि वाटीच कलंडली. त्याने हात चटकन मांडीखाली घेतला आणि वाटी कसली आणून ठेवलीस, बूड धड नाही, म्हणून तिच्यावरच उखडला. वाटी जुनी होती, इतकी वर्षं जागेवर नीट बसत आली होती. तिने सांडलेलं पुसून घेतलं आणि रोजच्यासारखा त्याचा थर्मास भरायला घराच्या पुढच्या बाजूला, दुकानात गेली.

थर्मासात आधी बर्फ, मग त्यावर चार बाटल्या ओतायच्या. उन्हाळ्यापर्यंत ती दोनच ओतत असे. बाटली मुठीत मावेल एवढी, तपकिरी काचेची. लेबलावर एनर्जी ड्रिंकचं काहीतरी भारदस्त नाव होतं, पण गावात ते कोणी घेत नसे. सगळे तिला ‘जोर’ म्हणत. मक्याच्या गोदामावर निघालेला हमाल सायकलवरून न उतरता हात पुढे करी आणि म्हणे, मावशी, एक जोर. लेबलाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, दिवसाला दोनपेक्षा जास्त पिऊ नये असंही छापलेलं असे. ते वाचायला चष्मा लागतो, आणि जोर पिणारा माणूस चष्मा शोधत बसत नाही.

उत्तर थायलंडातलं, नान नदीच्या काठचं ताखाम हे गाव मक्यावर जगतं आणि होडीवर मिरवतं. होडी विहाराची आहे. लांबलचक, पुढे नागाचं तोंड, वर रंगवलेले दात, आणि आत दोन दोन करून बसणारे पन्नासावर गडी. भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, म्हणजे वर्षावास, संपला की शहरासमोरच्या पात्रात शर्यती होतात, आणि त्याच्या आधीचे दोन-तीन महिने गावात दुसरा विषय नसतो. पहिल्या बाकावर जे दोघं बसतात त्यांच्या वल्ह्याकडे बघून मागचे सगळे ताल धरतात. त्या दोघांतला डावीकडचा खामसेन. ऐन तारुण्यात त्या बाकावर बसला तो अजून उठला नव्हता. आता त्याला छप्पन्नावं लागलं होतं. दिवसभर गोदामात मक्याची पोती उचलायची, संध्याकाळी नदीवर सराव करायचा, आणि केस पांढरे दिसू लागले तसे सायफिनकडून दर महिन्याला काळे करून घ्यायचे, असा त्याचा क्रम होता. कलप ती मागीलदारी लावून देई. त्या वेळी तो डोळे मिटून बसे आणि कुंपणाबाहेरून कोणी हाक मारली तर ओ देत नसे.

सायफिनला जोर नवा नव्हता. सतराव्या वर्षी ती गाव सोडून बँकॉकला कपड्यांच्या गिरणीत शिवणावर लागली होती. मोठी ऑर्डर आली की पाळीवर पाळी लागे, आणि दुसऱ्या पाळीच्या तोंडाशी मुकादम रांगेतून टोपली घेऊन फिरे. टोपलीत याच तपकिरी बाटल्या. पोरी नाक मुरडून पीत आणि मग त्यांच्या मशिनी धावू लागत. तिच्या शेजारी वान्ना नावाची मुलगी बसे. तिचे हात पुढेपुढे इतके कापायला लागले की सुईत दोरा जाईना. सायफिन तिचा दोरा ओवून द्यायची. वान्ना एकदा सुट्टीवर गेली ती परत आलीच नाही, आणि तिच्या जागी आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी मुकादमाने बाटली दिली. सायफिनने ती नोकरी सोडली तेव्हा बाटलीही सोडली, आणि गावी आल्यावर कित्येक दिवस डोकं फुटेल असं वाटून ती अंधाऱ्या खोलीत पडून होती. आईला वाटलं, पोरीला शहराची दृष्ट लागली.

तरी पुढे लग्न झाल्यावर दुकान टाकलं तेव्हा ताखाममध्ये जोर पहिल्यांदा तिनेच ठेवला. लोक मागत होते. कंपनीने काचेचा फ्रिजही दिला. त्या फ्रिजच्या उजेडात मुलगी माली शिकली, मोठी झाली, चिआंगमाईला चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. सायफिन याचा फारसा विचार करत नसे. विचार करायला लागली की तिला वान्नाचे हात दिसत, मग ती उठून साबणाचे पुडे लावायला घेई.

त्या वर्षी पावसाळ्यात दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या. पहिली म्हणजे, विहाराच्या थोरल्या भन्तेंनी होडीच्या मंडळींना बोलावून सांगितलं की पन्नाशी उलटलेल्यांनी यंदा राखीव बसावं, आणि ज्यांना बाक सोडायचा नसेल त्यांनी निवडीच्या दिवशी तरुणांबरोबर पूर्ण अंतर मारून दाखवावं. दुसरी म्हणजे, बाटल्यांची गाडी घेऊन येणाऱ्या दनैने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. जोरमध्ये टॉरीन नावाचं जे द्रव्य असतं ते उंदरांना दिलं तर उंदीर जास्त जगतात, म्हातारपण लांबतं, असं त्यात एक माणूस सांगत होता. दनैने तो गंमत म्हणून दाखवला होता. खामसेनने तो पुन्हा लावायला सांगितला.

त्या दिवसापासून नदीच्या धक्क्यावर त्याचं एकच प्रवचन. लोक म्हणतात जोर वाईट, पण बघा, माझ्या वयाचा दुसरा कोण एवढी पोती उचलतो? इतकी वर्षं पितोय, उगाच नाही. आता शास्त्रज्ञही तेच म्हणताहेत. तरुण पोरं ऐकत, आणि सराव संपला की दुकानावर गर्दी करत. खामसेन दोनांवरून तिनांवर गेला, तिनांवरून चारांवर. आणि मग वाटी कलंडली.

त्यानंतर सायफिनने त्याच्यावर नजरच ठेवली. तो झोपत नव्हता. पहाटे तिला जाग येई तेव्हा तो भिंतीला पाठ लावून बसलेला असे, तळहात छातीवर. विचारलं तर म्हणे, उकडतंय. गोदामातल्या एका बाईने सांगितलं की त्याच्या पाठीवरून पोतं घसरलं आणि तो बराच वेळ वाकून उभा राहिला. एका पहाटे त्याचा डोळा लागलाय असं पाहून तिने हळूच त्याच्या छातीला कान लावला. आत काहीतरी धावत होतं, मग अडखळत होतं, थांबतंय की काय असं वाटेपर्यंत गप्प राहत होतं आणि मग घाबरल्यासारखं पुन्हा धावत सुटत होतं.

त्याच दिवशी ती गावच्या आरोग्य केंद्रात गेली. तिथली नर्स पिकून याच गावची, लहानपणी सायफिनच्या दुकानातून गोळ्या-बिस्किटं नेणारी. पिकूनने सगळं ऐकून घेतलं आणि त्याला घेऊन या म्हणाली. तो येणार नाही, सायफिन म्हणाली. इथे काही निघालं तर ते भन्तेंच्या कानावर जाईल आणि बाक जाईल, या भीतीने तो मेला तरी येणार नाही.

मग सायफिनने तिला उंदरांचं विचारलं.

“ते अगदीच खोटं नाही, मावशी,” पिकून म्हणाली. “उंदरांना भरपूर टॉरीन दिलं, ते जास्त जगले, असं छापून आलं होतं. वयाबरोबर अंगातलं टॉरीन घटतं म्हणून म्हातारपण येतं, असा त्यांचा अंदाज. पण नंतर दुसऱ्यांनी माणसांमध्ये तपासलं तर वय वाढलं की ते अंगातून कमी होतंच, असं काही दिसलं नाही. माणसाचं अजून कोणालाच ठाऊक नाही. आणि त्या उंदरांना कोणी बाटली पाजली नव्हती. बाटलीत टॉरीन एकटं थोडंच असतं?”

“मग आणखी काय?”

“साखर असते. चमच्यांनी मोजायला गेलात तर तुम्हीच थांबाल. जीवनसत्त्वं असतात, तो औषधासारखा वास येतो तो त्यांचाच. आणि कॅफीन असतं. हात थरथरतात, झोप उडते, काळीज धावतं, ते त्याच्यापायी. वर काकांचं वय, उन्हातली पोती, पोटात पाणी नाही. रक्तदाब तरी कधी मोजलाय का त्यांनी? बाटलीनेच सगळं झालं असं मी नाही म्हणत. पण जे आधीच डगमगतंय त्याला ती ढकलते. मात्र एकदम बंद करू नका, डोकं धरून बसतील. थोडं थोडं कमी करा.”

सायफिन उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आली. लहान मुलांना देतात ते जीवनसत्त्वाचं सिरप, त्याचा वास अगदी जोरसारखाच असतो का, असं तिने विचारलं. पिकूनने समोरची नोंदवही मिटली.

“असतो,” ती शेवटी म्हणाली. “पण मावशी, हे मी ऐकलं नाही. तुम्ही त्यांना इकडे घेऊन या, एवढंच मी सांगितलंय.”

सिरप तिने बाजारच्या गावातून आणलं, ओळखीच्या दुकानातून नाही. पहिल्या दिवशी तीन बाटल्या आणि चौथीच्या जागी लिंबू, साखर, चिमूटभर मीठ आणि सिरप. तीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्यापासून पैसे लपवले होते, मालीचं एक प्रेमप्रकरण लपवलं होतं, पण त्याच्या तोंडात जाणाऱ्या घासात कधी लबाडी केली नव्हती. तो संध्याकाळी आला, थर्मास रिकामा होता, चवीबद्दल त्याची तक्रार नव्हती. चार-पाच दिवसांनी तिने आणखी एक बाटली कमी केली. मग आणखी एक.

तेव्हा त्याचं डोकं दुखायला लागलं. कपाळाला फडकं बांधून तो अंगणात बसे आणि कोंबड्यांवर ओरडे. सरावात त्याचं वल्हं उशिरा पडू लागलं. होडीच्या मागच्या टोकाला उभा राहून दिशा धरणारा इन्ता हा सायफिनचा धाकटा भाऊ. तो दुकानात येऊन म्हणाला की ताई, दाजींचं काही खरं नाही, निवडीत ते राहत नाहीत. तिने त्याचं काळीज वाचवायला घेतलं होतं, आणि हातून त्याचा बाकच जाणार की काय असं तिला वाटू लागलं.

खामसेनला वेगळाच संशय आला. दनैची गाडी आली त्या दिवशी तो गोदामावर गेलाच नाही. दुकानासमोर पाच-सात माणसं उभी असताना त्याने दनैची कॉलर धरली.

“नकली माल आणतोस तू. बाटलीत दम नाही राहिला.”

“काका, माल तोच आहे. सगळीकडे हाच जातो.”

“सगळीकडचं मला नको सांगू. माझं अंग मला कळतं.”

दनै तिच्याकडे बघत होता. मावशी, तुम्ही तरी सांगा, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. सायफिनने मान खाली घातली आणि बर्फ फोडत राहिली. खामसेनने पेटी परत गाडीत आदळली, दोन बाटल्या फुटल्या, आणि दनै खाली बसून काचा वेचू लागला. नंतर लोक त्याला चिडवू लागले. नकलीवाला आला, असं पोरं ओरडत.

पुढच्या आठवड्यात डोकेदुखी उतरली. खामसेन रात्री झोपू लागला, असा की घोरण्याने तिला जाग येई आणि ती ते ऐकत आनंदाने जागी राही. तिने पुन्हा कान लावला. अजून अधूनमधून अडखळत होतं, पण ते धावत सुटणं थांबलं होतं. आता थर्मासात एकच खरी बाटली होती, बाकी सगळं लिंबू आणि सिरप. निवडीच्या दिवशी तीही एक तिने ओतली नाही.

त्या दिवशी नदीला पाणी भरपूर होतं. सायफिन धक्क्याच्या पायऱ्यांवर बायकांमध्ये उभी राहिली, पण ती होडी बघत नव्हती, फक्त पहिल्या बाकावरचं डावीकडचं वल्हं बघत होती. अर्ध्या अंतरावर ते किंचित मागे पडलं. शेजारची बाई काहीतरी बोलत होती ते तिला ऐकू येईना. मग खामसेनने मान खाली घातली, खांदे आवळले, आणि वल्हं पुन्हा वेळेवर पडायला लागलं, शेवटपर्यंत. किनाऱ्याला लागल्यावर भन्तेंनी हात वर करून त्याचा बाक कायम केला. सायफिन पायरीवरच बसली.

पण तो वर आला आणि सगळ्यांसमोर रिकामा थर्मास उंच धरून म्हणाला, हा बघा जोर. दनैला दम भरला म्हणून आता माल परत अस्सल यायला लागलाय. पोरांनो, शर्यतीच्या आधी दुप्पट घ्या. पोरं हसली, आणि संध्याकाळी फ्रिज रिकामा झाला.

त्या रात्रीपासून झोप सायफिनची उडाली. खरं सांगावं तर शर्यतीच्या तोंडावर त्याचं मन मोडेल. न सांगावं तर तिच्या लबाडीवर गावातली सगळी पोरं जोर ढोसणार. शर्यत झाली की सांगू, असं तिने ठरवलं, आणि तेवढ्यापुरतं एकच केलं. पोरं आली की माल संपला म्हणून सांगू लागली. पोरं फाट्यावरच्या दुकानातून आणू लागली.

शर्यतीच्या दिवशी सगळं ताखाम शहराच्या काठावर होतं. ढोल, झांजा, लाउडस्पीकर, भाजलेल्या कोंबडीचा धूर. खामसेनने घरून आणलेला लिंबू-सिरपचा थर्मास सकाळीच संपवला होता. पहिली फेरी त्यांनी आरामात जिंकली. उपांत्य फेरीच्या आधी तो घोळक्यातून दिसेनासा झाला. सायफिनने त्याला शोधलं तेव्हा तो एका कंपनीच्या तंबूपाशी उभा होता. तिथे वल्हेकऱ्यांना जोरच्या गार बाटल्या फुकट वाटत होते. त्याच्या पायाशी तीन रिकाम्या बाटल्या होत्या आणि चौथी त्याच्या ओठाला. महिनाभर सिरपवर राहिलेलं शरीर, सकाळपासून पोटात घासभर भात, वर माथ्यावर ऊन. ती गर्दीतून त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर नावांचा पुकारा झाला आणि तो होडीकडे धावला.

ती फेरी तिने कशी पाहिली ते तिला नंतरही सांगता आलं नाही. सुरुवातीला ताखामची होडी सुटली ती बाणासारखी. खामसेन नेहमीपेक्षा जलद मारत होता, इतका की मागचे धापा टाकत होते. लोक नाचत होते. मग तिला दिसलं की त्याचं वल्हं एकदा लवकर पडलं, एकदा उशिरा, एकदा पाण्याला नुसतं शिवून वर आलं. त्याने वल्हं एका हातात धरलं आणि दुसरा हात छातीवर नेला, क्षणभरच. शेवटी होडी जेमतेम पुढे राहिली.

अंतिम फेरीआधी होड्या काठाला लागल्या. सायफिन चिखलातून, नेसूचं वस्त्र वर खोचून, थेट होडीपाशी गेली. खामसेन बाकावरच बसला होता. ओठ राखेसारखे झाले होते आणि मानेवरची शीर उडत होती, तीही एका तालात नाही.

“मालीच्या बा, उतर.”

“जा तू वर. बायकांनी होडीपाशी येऊ नये आत्ता.”

“तुझं काळीज ठिकाणावर नाही. मला दिसतंय. दवाखान्याच्या तंबूत डॉक्टर आहे, चल.”

“एक फेरी राहिलीय. जोर आहे पोटात, काही होत नाही मला.”

ती त्याच्या कानाशी वाकली. तिने आवाज खाली ठेवला होता, पण होडीत अशी शांतता पसरली की मागच्या बाकांपर्यंत ऐकू गेलं असावं.

“ऐक. निवडीच्या दिवशी तुझ्या पोटात जोर नव्हता. थर्मासात मी लिंबाचं पाणी भरलं होतं. त्याच्या आधी कितीतरी दिवस नावाला एक बाटली घालत होते. लहान पोरांचं सिरप घातलं, वास यावा म्हणून. तू झोपायला लागलास ते त्याने. माल नकली नव्हता, मी नकली होते. दनैचा काही दोष नाही.”

खामसेनने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, तो आता हात उगारेल. कोणी तरी मागे फस्सकन हसलं आणि गप्प झालं.

“मला पोरांचं औषध पाजलंस,” तो म्हणाला.

“पाजलं.”

“आणि माझ्यासमोर बसून जेवत होतीस.”

ती पाण्यात गुडघाभर उभी राहिली. मागून इन्ता आला. त्याने दाजींच्या मनगटावर बोटं ठेवली, तसाच थोडा वेळ राहिला, आणि म्हणाला की दाजी, तुम्ही बसलात तर मी होडी काठावरून हलू देणार नाही. मग गावाने मला काय म्हणायचं ते म्हणू दे. लाउडस्पीकरवर ताखामचं नाव पुकारलं गेलं, दुसऱ्यांदाही पुकारलं गेलं. खामसेनने वल्हं बाकावर आडवं ठेवलं आणि उठला. काठावर पाय टाकताना त्याचे गुडघे दुमडले. सायफिनने आणि इन्ताने त्याला धरला नसता तर तो तोंडावर चिखलात पडला असता.

तंबूतून त्याला सरळ शहरातल्या इस्पितळात नेलं. काळजाचा ताल बिघडलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. असा बिघाड कधी नुसता राहतो, कधी रक्ताची गाठ होऊन मेंदूत जाते. रक्तदाब वाढलेला होता, तो कित्येक वर्षांचा असावा. साखरही सीमेवर होती. आजार बाटलीनेच आला का, असं सायफिनने विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं छातीठोक सांगता येणार नाही, पण आज एवढ्या बाटल्या घेऊन आणखी एक फेरी मारली असती तर काय झालं असतं ते मला सांगायला आवडणार नाही.

खामसेनच्या जागी राखीव गडी बसला आणि ताखामची होडी अंतिम फेरीत थोडक्यात हरली. गावात दोन तट पडले. काही बायका दुकानात येऊन तिचा हात दाबून गेल्या. काही माणसांनी दुकानाची पायरी सोडली. होडी बाईने हरवली, असं धक्क्यावर उघड बोललं जाई. सायफिन एक दिवस बाजारच्या गावी जाऊन दनैच्या घरी बसून आली. त्याच्या आईसमोर तिने सगळं सांगितलं आणि गुडघे टेकून हात जोडले. दनैने तिला उठवलं, पण चहा विचारला नाही. त्यानंतर गाडी घेऊन दुसराच माणूस यायला लागला.

खामसेन तिच्याशी बोलत नव्हता. इस्पितळात मालीशी बोलला, डॉक्टरांशी बोलला, तिच्याकडे पाठ करून झोपला. घरी आल्यावर त्याने अंथरूण ओसरीवर टाकलं. ती वाढेल ते तो मुकाट जेवे, पण पाणी स्वतः माठातून घेई, तिच्या हातचं कुठलंही पेय त्याने तोंडाला लावलं नाही. हे तिला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तिने त्याला दोष दिला नाही. गोळ्यांच्या वेळा तिने त्याला सांगितल्या नाहीत, मालीकडून फोनवर सांगवल्या. हमाली बंद झाली. गोदामाने त्याला काट्यापाशी पोत्यांवर खुणा करायच्या कामाला बसवलं. केस काळे करायला त्याने सांगितलं नाही, आणि थंडी सरता सरता त्याचं डोकं पांढरं झालं.

मळणी संपल्यावर इस्पितळात तपासणीला जायचं होतं. माली येऊ शकली नाही म्हणून सायफिन बरोबर गेली. जाताना बसमध्ये दोघं दोन बाकांवर बसले. डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, ठीक म्हणाले, गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या. परतीची बस यायला वेळ होता. नदीकाठच्या बाकावर दोघं बसले होते, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

“फिन,” तो म्हणाला. शर्यतीनंतर त्याने तिचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. “निवडीला खरंच एकसुद्धा नव्हती?”

“नव्हती.”

“अर्धी?”

“थेंबही नाही.”

त्याने गोळ्यांची पुडी खिशात घातली.

“मधे मी मागे पडलो होतो. तेव्हा वाटलं, आता जोर चढेल. वाट बघितली आणि मग मारत सुटलो.”

“मला दिसलं ते.”

“आधी मला सांगायला हवं होतंस.”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?”

“नाही,” तो म्हणाला. “तरी सांगायला हवं होतंस.”

हो, ती म्हणाली. बस आली. दोघं एकाच बाकावर बसले. ओसरीवरचं अंथरूण आत आलं ते आणखी पंधरवड्याने, तेही पाऊस शिंतडला म्हणून, असं त्याने सांगितलं.

सायफिन अजून जोर विकते. विकणं सोडलं तर लोक फाट्यावरून आणतात हे तिने पाहिलंय. फक्त फ्रिजच्या दर्शनी फळीवर आता पाण्याच्या बाटल्या असतात, जोर खालच्या फळीवर, वाकून घ्यावा लागतो. तिसरी मागणाऱ्याला ती देत नाही, मग तो कितीही चिडो. काही जण शिव्या देऊन जातात. एक-दोघं वाद घालतात, उंदरांचं काढतात, तेव्हा ती म्हणते, उंदीर होऊन ये, मग देते.

यंदा वर्षावास सुरू झाला तसं भन्तेंनी खामसेनला बायकांच्या होडीला शिकवायला सांगितलं. आधी तो घुमेपणाने नको म्हणाला. आता रोज संध्याकाळी काठावर छत्री घेऊन उभा राहतो आणि घसा बसेपर्यंत ओरडतो, वल्हं लवकर टाकू नका, पाण्याची वाट बघा. बायका त्याला हसतात आणि ऐकतातही. चौथ्या बाकावर सायफिन बसते. वल्ह्याने तिचे हात अजून सोलवटतात, आणि तिच्यावर तो इतरांपेक्षा जास्तच ओरडतो.